घरी किट कार बांधायची तर: ऑर्डर देण्याआधीपासून पहिल्या फेरीपर्यंतचा क्रम

किट कार म्हणजे सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडायची गाडी, बहुधा एखाद्या प्रसिद्ध जुन्या गाडीची प्रतिकृती. अर्धवट राहिलेल्या किट कार विकायला निघतात, त्या एकदा नीट पाहाव्यात. बहुतेकींची अवस्था सारखीच असते: बॉडीला रंग झालेला, सीट शिवून तयार, स्टिअरिंग व्हील नवंकोरं, आणि ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, कागदपत्रं यांचा पत्ता नाही. डोळ्यांना दिसणारी कामं आधी उरकली, गाडी चालती करणारी मागे पडली आणि मध्येच उत्साह संपला. उत्तम हात असलेल्या माणसांचे प्रकल्पही याच कारणानं रखडतात. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे.

इथे गृहीत धरलंय ते असं: चासी आणि फायबरची बॉडी कंपनीकडून येणार, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा भाग), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), स्टिअरिंग हे एका जुन्या गाडीतून, म्हणजे डोनर गाडीतून, काढायचं, आणि जुळणी घरच्या गॅरेजमध्ये करायची. वेल्डिंग येत नसेल तरी बहुतेक किटना चालतं. मोजून लिहून ठेवायचा कंटाळा असेल, तर मात्र हे काम हाती घेऊ नका.

टप्पा १: आधी नोंदणीचे नियम, मग किट

किट दारात आल्यावर नोंदणीची चौकशी करणारे खूप आहेत, आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. गाडी ज्या रस्त्यावर धावणार तिथला नियमच ठरवतो, की इंजिन किती जुनं चालेल, दिवे किती उंचीवर हवेत, आणि मुळात अशी गाडी नोंदवता येईल की नाही.

नियम किती बारीक असू शकतात याचा अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला आयव्हीए ही वैयक्तिक मंजुरीची चाचणी द्यावी लागते. तिच्यात बाहेरून स्पर्श होऊ शकेल अशी प्रत्येक कड किमान २.५ मिमी त्रिज्येनं गोल असावी लागते. आरशाची दांडी, बॉनेटची कडी, बिजागरी, सगळं यात येतं. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, आणि ते वय कागदानं सिद्ध करावं लागतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात धुराच्या बाबतीत खास सवलत मिळणाऱ्या घरगुती बांधणीच्या गाड्या वर्षाला फक्त ५०० असतात. दोन्ही ठिकाणी, इंजिन निवडण्याआधी हे माहीत असणं आणि नंतर कळणं यात एका अख्ख्या इंजिनाच्या किमतीचा फरक पडतो.

करायचं काय? नोंदणी कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तपासणीची नियमपुस्तिका मिळत असेल तर छापून गॅरेजच्या भिंतीवर लावा. आजच एक फाइल सुरू करा. डोनर गाडीचे मूळ कागद, इंजिन आणि चासी क्रमांकांचे फोटो, आणि प्रत्येक सुट्या भागाची पावती त्यात जायला हवी. पावती नसलेला गिअरबॉक्स तपासणीच्या दिवशी चोरीचा ठरू शकतो.

> थांबा: "आमच्या किटला कुठेही अडचण येत नाही" हे विक्रेत्याचं आश्वासन म्हणजे मंजुरी नव्हे. लेखी उत्तर हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.

टप्पा २: कोणती प्रतिकृती, म्हणजे कोणतं काम

गाडी रूपावरून निवडली जाते, ते स्वाभाविकच आहे. पण प्रत्येक रूपामागे वेगळ्या प्रकारचं काम असतं.

लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी पहिल्यांदा बांधणाऱ्याला सगळ्यांत सोपी. बॉडीचा बराच भाग सपाट ॲल्युमिनिअम पत्र्याचा असतो, दारं जवळपास नसतातच, आणि नाक व मडगार्ड रंग मिसळलेल्या जेलकोटमध्ये (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरात) मिळाले तर रंगकामही फारसं उरत नाही. एसी कोब्राच्या प्रतिकृतीत यांत्रिक भाग सरळ असतात, पण बॉडी मोठी, गोलाईदार आणि पूर्ण रंगवायची. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी एकसारख्या करण्यातच महिने जातात. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या प्रतिकृती बहुधा फोक्सवॅगन बीटलच्या तळावर बसतात. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिमी, मूळ ३५६ चा २१०० मिमी. त्यामुळे मूळ प्रमाण हवं असेल तर तळ कापून सुमारे ३०० मिमी आखूड करून पुन्हा वेल्ड करावा लागतो. ते काम प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्या. फोर्ड जीटी४० च्या प्रतिकृतीत इंजिन पाठीमागे, रेडिएटर पुढे, पाण्याच्या नळ्या गाडीभर लांब आणि दारं छतात कापलेली. तिच्या नावातला ४० हा आकडा इंचांतली उंची सांगतो. उंच माणसानं ती गाडी चित्र बघून मागवू नये.

म्हणून निवड पक्की करण्याआधी तयार गाडीत प्रत्यक्ष बसून या. नेहमीचे बूट घालून बसा आणि तिन्ही पेडल एकेक दाबा. अनेक प्रतिकृतींत पाय ठेवायची जागा इतकी अरुंद असते की ब्रेक दाबताना बूट ॲक्सिलरेटरला घासतो. गुडघा स्टिअरिंगखाली अडकतो का, डोकं रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीच्या) खाली राहतं का, हेही तिथेच बघा.

ज्यानं तीच किट पूर्ण केली आहे असा मालक शोधा. त्याला "गाडी कशी आहे?" असं विचारलंत तर कौतुकच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: कोणता भाग बसला नाही? पुस्तिकेतली कोणती पायरी चुकीची निघाली? कोणत्या भागासाठी किती थांबावं लागलं? पैसे भरण्याआधी कंपनीकडून जुळणीची पुस्तिका मागून घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. पुस्तिका द्यायला टाळाटाळ झाली तर मी ती कंपनी सोडून देईन.

*तपासणी:* "पूर्ण किट" या शब्दांत नेमकं काय येतं, याची भागवार यादी सहीसह मिळाली का? ब्रेकच्या नळ्या, काचा, वायपर, इंधन टाकी, वायरिंग, सीट बेल्ट, नटबोल्ट, यांपैकी काय आत आणि काय बाहेर?

टप्पा ३: पैसे आणि तास

बजेटचे तीन स्तंभ करा: किट, डोनर, आणि "बाकी सगळं". पहिले दोन स्तंभ सगळेच भरतात. प्रकल्प बुडतो तो तिसऱ्यात. टायर, व्हील, रंग, पावडर कोटिंग, नवे बेअरिंग आणि सील, ब्रेकचे नवे भाग, तेलं, बॅटरी, वाहतूक, विमा, तपासणीची फी, हत्यारं. यातली एकही गोष्ट "जमेल तेव्हा बघू" नाही. रंगाचा अंदाज आधीच रंगाऱ्याकडून घ्या, कारण कोब्रासारख्या बॉडीवर तासण्या-घासण्याची मजुरी रंगापेक्षा जास्त असते. तिन्ही स्तंभांची बेरीज झाल्यावर तिचा पाव भाग आणखी बाजूला ठेवा.

वेळेचंही तसंच. कंपनी समजा ३०० तास सांगते. आठवड्याला सहा तास मिळत असतील तर ते ५० आठवडे झाले, आणि हा हिशेब एकही भाग उशिरा आला नाही असं धरून. कंपनीचे तास बहुधा सगळे भाग स्वच्छ होऊन हाताशी आहेत असं मानून सांगितलेले असतात. डोनरचे भाग धुण्या-घासण्याचे तास त्यात नसतात. घरच्यांना तारीख सांगताना हे लक्षात ठेवा. त्यांच्या रविवारांवरही हे काम बसणार आहे.

टप्पा ४: जागा आणि हत्यारं

सेव्हन प्रकारची गाडी साधारण सव्वातीन मीटर लांब, कोब्रा चार मीटरच्या आसपास. पण गॅरेज गाडीपेक्षा कामाच्या हिशेबानं मोजायचं. इंजिन बसवताना उचलायची क्रेन गाडीच्या समोर उभी राहते आणि तिचे पाय चासीखाली सरकवावे लागतात. त्यासाठी पुढे दीड-दोन मीटर मोकळी जागा हवी. दोन्ही बाजूंना निदान एक मीटर. आणि बॉडी? चासीवर काम चालू असताना ती कुठे तरी ठेवायची असतेच. छताला कप्पी लावून टांगायची असेल तर छत तेवढं वजन पेलतं का ते जाणत्याला दाखवा. नाहीतर चाकं लावलेला लाकडी सांगाडा करा, ज्यावर बॉडी सर्व बाजूंनी सारखी टेकेल. दोन टोकांवर टेकवलेली फायबरची बॉडी काही महिन्यांत वाकते, आणि मग दारं जुळत नाहीत.

हत्यारांत काटकसर चालते, पण तीन ठिकाणी नाही: टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना), ब्रेकच्या नळीचं तोंड फुलवायचं हत्यार आणि चासी ज्यावर उभी राहते ते स्टँड. रिव्हेट गनही चांगली घ्या, पॅनेल बसवताना शेकडो रिव्हेट मारायचे असतात.

> सावध: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली एक क्षणही जाऊ नका. फायबर घासताना साधा फडका नाकाला बांधून भागत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. पेट्रोल मोकळ्या हवेतच काढा आणि आग विझवायचं सिलिंडर दाराजवळ ठेवा, आतल्या कोपऱ्यात नको.

टप्पा ५: डोनर गाडी

डोनर चालू स्थितीत आणि अख्खी घ्या. ठोकलेली स्वस्त मिळते, पण ठोकर बसलेल्या बाजूचा हब वाकलेला आहे की नाही हे घरी कळत नाही. गाडी चालवून बघा: सगळे गिअर पडतात का, क्लच घसरतो का, डिफरन्शियल ओरडतं का. इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा, चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. चालत्या इंजिनाचा व्हिडिओ काढून ठेवा. पुढे नव्या चासीत ते सुरू झालं नाही, तर दोष इंजिनात नसून आपल्या जोडणीत आहे, एवढं तरी त्यावरून ठरेल.

इंजेक्शनच्या इंजिनाला फक्त इंजिन आणून भागत नाही. संगणक, किल्ली, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), काही गाड्यांत मीटरचा संचसुद्धा, हे सगळं एकमेकांना ओळखत असतं. यातलं काहीही विकू किंवा टाकू नका. खर्च भरून काढायला लोक डोनरचे उरलेले भाग लगेच विकतात आणि नंतर तोच एखादा ब्रॅकेट किंवा सेन्सर दुप्पट पैशांना शोधत बसतात. गाडी रस्त्यावर येईपर्यंत डोनरचा खिळाही बाहेर जाऊ देऊ नका.

सोडण्याचा क्रम:

१. प्रत्येक भागाचा, जागेवर असतानाच, तीन कोनांतून फोटो.
२. बॅटरी सोडा. एअरबॅग असतील तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून मगच त्यांना हात लावा. त्यांच्या तारांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका.
३. वायरिंगच्या प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना चिठ्ठी. हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, कापू नका, तसाच बाहेर काढा.
४. तेलं, कूलंट, पेट्रोल काढा.
५. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर घ्या.
६. सस्पेन्शन, हब, डिफरन्शियल, स्टिअरिंग.

नटबोल्ट ज्या भागाचे, त्याच भागाच्या पिशवीत. पिशवीवर "बोल्ट, मोठे" असं लिहून सहा महिन्यांनी काही बोध होत नाही. "डावा पुढचा खालचा आर्म, चासीकडचे दोन, वॉशर डोक्याकडे" असं लिहा.

टप्पा ६: किट आल्याचा दिवस

पेट्या उतरवून घेताना खोक्याला मार बसलेला दिसला तर वाहतूकवाल्याच्या कागदावर तसं लिहूनच सही करा. मग यादी घेऊन एकेक भाग मोजा. कमी आलेल्या भागांची तक्रार किती दिवसांत करायची याला मुदत असते, आणि "जोडताना बघू" म्हणणाऱ्याची ती टळून जाते. मागाहून येणाऱ्या भागांची वेगळी यादी भिंतीवर लावा आणि त्यांच्याविना कुठपर्यंत जाता येईल ते पुस्तिकेत पेन्सिलीनं नोंदवा.

चासीही मोजून घ्या: उजव्या पुढच्या सस्पेन्शनच्या बिंदूपासून डाव्या मागच्यापर्यंत, आणि उलट. दोन कर्णांत पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा जास्त फरक आला तर एकही छिद्र पाडण्याआधी कंपनीला कळवा. छिद्र पाडलेली चासी सहसा कुणी परत घेत नाही.

टप्पा ७: कोरडी जुळणी

सगळा लेख विसरलात तरी हा टप्पा विसरू नका. कोरडी जुळणी म्हणजे रंग, सीलंट, तेल काहीही न लावता अख्खी गाडी एकदा तात्पुरती उभी करायची, बॉडीसकट. मग ती पूर्ण उघडायची, चासी रंगवायची आणि अखेरची जुळणी करायची. हे दुप्पट काम आहे असं वाटून लोक टाळतात. मग रंगवलेल्या चासीत नवा ब्रॅकेट वेल्ड करावा लागतो, नाहीतर पावडर कोटिंग घासून छिद्रं पाडावी लागतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. किट आधीच पावडर कोट होऊन आली असेल तरी कोरडी जुळणी करा. जिथे छिद्र पाडलंत तिथे उघडं लोखंड लगेच रंगवून घ्या.

क्रम असा ठेवा:

१. *सस्पेन्शन आणि हब.* बोल्ट हातानं बसवा, आवळू नका.
२. *स्टिअरिंग.* एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवून बघा. दांड्याचे सांधे कुठे अडतात का, एग्झॉस्ट कुठून जाणार, त्याला किती अंतर राहतं?
३. *इंजिन आणि गिअरबॉक्स.* बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) आणि पेडलचा खोका यांत बोट जाईल एवढी तरी जागा हवी. इंजिन चालू झालं की रबरी माउंटवर हलतं, हे धरून अंतर ठेवा.
४. *डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट* (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा). गिअरबॉक्सच्या मागचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि डिफरन्शियलचा पुढचा फ्लँज बाजूनं पाहता समांतर हवेत. सांध्यातला कोन साधारण १ ते ३ अंशांत असावा: अगदी शून्य कोनात सांध्याच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी झिजतात, जास्त कोनात गाडी थरथरते. शाफ्टची लांबी ही दोन्ही टोकं कायमच्या जागी आल्यावरच मोजायची, आणि तीही गाडी चालण्याच्या उंचीवर असताना.
५. *रेडिएटर, टाकी, एग्झॉस्ट, पेडल.*
६. *पत्र्याची पॅनेल,* तात्पुरत्या क्लिपांवर.
७. *बॉडी.* दारं, बॉनेट बसवून फटी बघा, खुणा करा.
८. *सीट आणि तुम्ही.* ज्याची गाडी त्यानं बसून स्टिअरिंग, गिअर, हँडब्रेक यांची जागा ठरवायची.

व्हील आणि टायर या टप्प्यापर्यंत विकत घेऊ नका. बॉडी बसली, गाडी चालण्याच्या उंचीवर आली, की हबच्या तोंडापासून चाकाच्या कमानीपर्यंत आणि आतल्या बाजूला सस्पेन्शनपर्यंतची अंतरं मोजा. व्हीलचा ऑफसेट, म्हणजे ते हबपासून किती आत किंवा बाहेर बसणार, हे त्यावरून निघतं. मासिकातला फोटो पाहून घेतलेली व्हील एकतर आत सस्पेन्शनच्या आर्मला घासतात, नाहीतर बाहेर मडगार्ड कापतात.

> तपासणी: उसनी चाकं लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि सस्पेन्शन पूर्ण दाबा, मग पूर्ण लटकू द्या. चारही टोकांच्या अवस्थांत टायर ब्रेकच्या रबरी नळीला लागता कामा नये आणि नळी ताणली जाता कामा नये.

आता उघडा. चासी रंगाला देताना बोल्टचे आटे, बुशच्या (सांध्यातल्या रबरी नळीच्या) जागा आणि अर्थिंगचे (विजेची परतीची तार जोडायचे) बिंदू झाकायला सांगा. तशी यादी लिहूनच द्या.

टप्पा ८: अखेरची जुळणी, आवळणं, ब्रेक आणि इंधन

रबरी बुश असलेले सस्पेन्शनचे बोल्ट गाडी स्टँडवर लटकत असताना आवळणं ही नेहमीची चूक. बुशच्या आतली नळी बोल्टबरोबर घट्ट धरली जाते आणि रबर पिळलं जातं. लटकत्या अवस्थेत आवळलं, की गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत फाटतं, आणि तोवर गाडीची उंचीही चुकीची दिसते. म्हणून हे बोल्ट आधी हातघट्ट ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, सीटवर माणसाइतकं वजन ठेवा, आणि मगच टॉर्क द्या.

टॉर्क दिलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ, नटापासून चासीपर्यंत. रेघ नाही म्हणजे तो बोल्ट आवळलेला नाही, मग आठवण काहीही सांगो. नायलॉनचे लॉकनट एकदाच वापरायचे. कोरड्या जुळणीत साधे नट वापरा, नवे लॉकनट आत्ता काढा. नटाबाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत.

पत्र्यासाठी ३.२ मिमी रिव्हेटला ३.३ मिमीचं छिद्र, ४.८ ला ४.९. याहून सैल छिद्रात रिव्हेट बसतो, पण पुढे खडखडतो. ॲल्युमिनिअम आणि लोखंड यांच्या मध्ये सीलंटचा थर हवाच, नाहीतर ओल लागली की ॲल्युमिनिअम खाल्लं जातं.

ब्रेकच्या नळ्या तांबे-निकेलच्या घ्या, हातानं छान वाकतात. बाहेरचा व्यास बहुधा ४.७५ मिमी असतो. नळीच्या तोंडाचे दोन प्रकार प्रचलित आहेत: दुहेरी दुमडलेलं आणि बुडबुड्यासारखं फुगवलेलं. दोन्ही एकाच नटात शिरतात आणि सुरुवातीला गळतही नाहीत, म्हणून घोटाळा होतो. नळी ज्यात बसणार त्या भागात टॉर्चच्या उजेडात डोकावून बघा. आत शंकूसारखा उंचवटा असेल तर दुहेरी दुमड, खोलगट बैठक असेल तर बुडबुडा. ज्याला जे, त्याला तेच.

डॉट ५ हे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नका. डॉट ४ रंगावर सांडलं तर रंग उतरतो, म्हणून बॉडीच्या रंगाआधीच ब्रेक भरून हवा काढून मोकळे व्हा.

इंजेक्शनच्या इंजिनाला इंधनाची नळीही त्याच दाबाची लागते. कार्ब्युरेटरला अर्ध्या बारहून कमी दाब पुरतो. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात तो साधारण तीन बार असतो. साधी रबरी नळी तिथे फुगून फुटते, आणि एग्झॉस्ट बहुधा जवळच असतो.

> तपासणी: ब्रेकच्या प्रत्येक सांध्याला कोरडा पांढरा टिश्यू गुंडाळा. कुणाला तरी पेडल जोरात दाबून दोन-तीन मिनिटं धरायला सांगा. कागद ओला झाला किंवा पेडल हळूहळू खाली गेलं, तर पुढे जायचं नाही.

टप्पा ९: वायरिंग आणि बॉडीविना पहिला स्टार्ट

फायबरची बॉडी वीज वाहून नेत नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याला एक तार आली की परतीचा रस्ता बॉडीतून मिळतो. इथे प्रत्येक दिवा, हॉर्न, वायपर आणि टाकीतल्या मापकालासुद्धा चासीपर्यंत स्वतंत्र अर्थची तार द्यावी लागते. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकतो, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलतो, हे सगळे प्रकार अर्थ चुकल्याचे असतात. अर्थच्या बिंदूवरचा रंग खरवडून लोखंड उघडं करा, तार आवळा, वरून ग्रीस लावा. इंजिन ते चासी अशी जाड पट्टी विसरू नका. ती नसेल तर स्टार्टरचा प्रवाह क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

डोनरचं हार्नेस आधी आहे तसंच, अख्खं जोडा. एकदा त्यावर इंजिन सुरू झालं, की मग नको असलेल्या तारा एकेक सर्किट करून काढा आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू करून बघा. आधीच कापाकापी केलीत तर चूक शंभर तारांपैकी कुठे आहे हे शोधत बसावं लागेल.

पहिल्या स्टार्टचा क्रम:

१. आग विझवायचं सिलिंडर हाताशी, दुसरा माणूस जवळ, एग्झॉस्टचं तोंड मोकळ्या हवेकडे.
२. इंधन पंप चालू करून प्रत्येक सांधा बघा. पेट्रोलचा थेंब दिसला तर तिथेच थांबा.
३. इंधन आणि स्पार्क बंद ठेवून स्टार्टर फिरवा, तेलाचा दाब दिसेपर्यंत.
४. कूलंट भरताना गाडीचं नाक वर उचला. बऱ्याच प्रतिकृतींत रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असतो. हवा काढायची कळ सगळ्यांत उंच बिंदूवर हवी.
५. आता सुरू करा. जुन्या घडणीच्या, सपाट टॅपेटच्या व्ही८ इंजिनात नवी कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) घातली असेल तर लगेच सुमारे २००० आरपीएमवर नेऊन वीसेक मिनिटं ठेवा. आयडलवर सोडली तर कॅम खाल्ली जाते.

बॉडीविना चासी चालू अवस्थेत असताना खाजगी मोकळ्या जागेत, सीट आणि बेल्ट पक्के बसवून, चालण्याच्या वेगानं पुढे-मागे नेऊन बघा. गळती, घासणं, चुकीचा आवाज, सगळं आत्ता हाताला येतं. बॉडी बसल्यावर यातल्या निम्म्या जागा दिसतही नाहीत.

टप्पा १०: बॉडी आणि रंग

साच्यातून निघालेल्या फायबरवर मेणाचा थर असतो. आधी तो धुऊन काढा आणि मग घासा. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत शिरतं आणि रंग माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पाडतो. साच्याच्या जोडरेषा तासून काढा. त्यांच्याखाली हवेचे पोकळ बुडबुडे असतात. टोकदार हत्यारानं फोडून भरा, नाहीतर पुढे उन्हात रंगासकट फुगतात. फटी जुळवताना बॉडी चासीवर कायमच्या जागी बोल्टलेली आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी.

एवढंच. बाकी रंगाऱ्याचं काम आहे, त्याला घाई करू नका.

टप्पा ११: तपासणी आणि पहिले किलोमीटर

व्हील अलाइनमेंट चालकाच्या वजनासह करून घ्या. सीट बेल्ट फक्त चासीवर दिलेल्या बिंदूंनाच. फायबरला किंवा पत्र्याला पाडलेल्या छिद्रात बेल्टचा बोल्ट कधीही नाही. भिंतीवरची नियमपुस्तिका घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा, प्रत्येक कड बोटानं चाचपा, प्रत्येक दिव्याची उंची टेपनं मोजा.

विमा आणि परवानगी हातात आल्यावरच रस्ता. त्याआधी मोकळ्या खाजगी जागेत, हळू वेगात, ब्रेक जोरात दाबून बघा: पुढची चाकं आधी अडली पाहिजेत. मागची आधी अडत असतील तर गाडी वळणावर फिरेल. ब्रेकचा समतोल जुळेपर्यंत रस्त्यावर नेऊ नका.

पहिल्या फेरीहून आल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा. पन्नासेक किलोमीटर झाले की गाडी स्टँडवर घ्या, रंगाच्या सगळ्या रेघा टॉर्चच्या उजेडात बघा आणि जिथे रेघ तुटलेली दिसेल तिथे बोल्ट काढून आटे तपासूनच पुन्हा आवळा.